कान, मेंदू आणि बोलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात श्रवण आणि वाचा तपासणीचं काम करताना काही प्रश्न वर्षभर येतच राहतात. ते विचारणाऱ्यांत तान्ह्या बाळाचे आईवडील असतात, सासऱ्यांना घेऊन आलेली सून असते, ढोल पथकातली पोरं असतात आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यातले कामगारही. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहिण्याऐवजी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. या उत्तरांवरून घरबसल्या निदान करू नका, पण कुठे थांबलं तर चालतं आणि कुठे एक दिवसही थांबायचं नाही, हे मात्र यातून नीट समजून घ्या.

१. ऐकतं कोण, कान की मेंदू?

कान आवाज पकडतो, ऐकतो मेंदू. पडदा हलतो, त्यामागची तीन इवलीशी हाडं हलतात आणि ती हालचाल कॉक्लिया नावाच्या अडीच वेढ्यांच्या नळीतल्या द्रवात पोचते. तिथे रोमपेशी असतात, एका कानात जन्मतः साधारण १५ हजार. त्यांतल्या आतल्या रांगेतल्या सुमारे साडेतीन हजार पेशी मेंदूकडे निरोप पाठवतात, बाहेरच्या रांगांतल्या पेशी हलका आवाज मोठा करून देतात. पुढे ३० हजारांच्या आसपास तंतू असलेली श्रवणाची नस तो निरोप मेंदूच्या देठापर्यंत नेते आणि तिथून तो टप्प्याटप्प्याने कानाच्या वर असलेल्या मेंदूच्या भागात पोचतो. देठात शिरल्याबरोबर दोन्ही कानांचे रस्ते एकमेकांत मिसळतात. म्हणूनच मेंदूच्या एकाच बाजूला इजा झाली तर माणूस सहसा बहिरा होत नाही.

रोमपेशी एकदा मेली की माणसाच्या कानात ती पुन्हा उगवत नाही. पुढची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. ऑडिओमेट्री, इम्पिडन्स, ओएई, बेरा… एवढ्या तपासण्या कशाला? एकच करून भागणार नाही का?

नाही, कारण प्रत्येक तपासणी वेगळी कडी पाहते. इम्पिडन्समध्ये पडदा आणि त्यामागची पोकळी कळते. ओएईमध्ये बाहेरच्या रांगांतल्या रोमपेशी जिवंत आहेत का ते कळतं. बेरामध्ये डोक्याला इलेक्ट्रोड लावून नस आणि मेंदूचा देठ आवाजाला प्रतिसाद देतात का ते पाहतात. बाळ झोपेत असताना ही चाचणी उत्तम होते. ऑडिओमेट्रीत मात्र तुम्ही स्वतः ‘आला आवाज’ म्हणून बटण दाबता, म्हणजे कानापासून समजेपर्यंतची पूर्ण साखळी त्यात येते. एक रिपोर्ट चांगला आला म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालत नाही. त्याचं सर्वांत ठळक उदाहरण प्रश्न ७ मध्ये आहे.

३. बाबांना आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. आपण मोठ्याने बोललो की ‘ओरडू नकोस’ म्हणतात. हट्टीपणा आहे का?

अजिबात नाही. वयानुसार कॉक्लियाच्या सुरुवातीच्या भागातल्या रोमपेशी आधी जातात आणि तो भाग बारीक, उंच आवाजांचा असतो. मराठीत अ, आ, ओ हे स्वर जाड आणि दणकट असतात, ते शाबूत राहतात. स, श, फ, ख, थ यांची फुसफुस मात्र हरवते. भाजीवाल्याने ‘साठ’ म्हटलं तर बाबांना ‘आठ’ ऐकू येतं. आवाज आला, शब्द चुकला. आपण ओरडतो तेव्हा स्वर आणखी मोठे होतात, फुसफुस तेवढीच राहते, आणि वर त्यांच्या कानाला मोठा आवाज लवकर बोचू लागलेला असतो. म्हणून ते चिडतात.

समोर बसून, चेहरा दिसेल असं, जरा सावकाश बोला. टीव्ही बंद करून बोला. तपासणीत नुसता ऑडिओमेट्रीचा आलेख नको, शब्द ओळखण्याची चाचणीही करायला सांगा. श्रवणयंत्र घ्यायचं असेल तर लवकर घ्या. वर्षानुवर्षं ज्या आवाजांपासून मेंदू दुरावला, ते पुन्हा ओळखायला त्याला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात भांड्यांचा आवाज असह्य झाला म्हणून यंत्र कपाटात ठेवून देणारी माणसं पाहिली की फार वाईट वाटतं. रोज थोडे तास वाढवत घातलं की बहुतेकांची सवय होते.

४. नदीपात्रात ढोलाची प्रॅक्टिस झाली की कान सुन्न होतात, सकाळी ठीक असतात. म्हणजे नुकसान नाही ना?

सकाळी ठीक वाटणं ही खात्री नव्हे. २००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत झाली, रोमपेशीही जागेवर होत्या, पण रोमपेशी आणि नस यांच्यातले बरेचसे सांधे कायमचे तुटले होते. माणसात हे किती घडतं यावर अजून अभ्यास चालू आहे. मात्र गर्दीत बोलणं न कळण्याची तक्रार घेऊन तरुण मुलं येतात तेव्हा हा प्रयोग आठवतो.

कामाच्या ठिकाणासाठी वापरला जाणारा एक हिशेब ध्यानात ठेवा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ताशाशेजारी उभं राहिलं तर १०० सहज ओलांडतात आणि लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक पंधरा मिनिटांत संपत नाही. पथक सोडा असं मी कुणालाच सांगत नाही, त्यात पोरांचा जीव असतो. पण वादकांसाठीचे इअरप्लग घाला. ताल त्यातूनही नीट कळतो. साधा कापूस काही कामाचा नाही. सरावात मध्ये मध्ये लांब जाऊन बसा आणि मांडीवरच्या लहान मुलांना ताशांच्या जवळ आणू नका. शेजाऱ्यांसाठीचा कायदा वेगळा आहे, त्यात निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळली गेली का, यावर तुमच्या रोमपेशींचं नुकसान ठरत नाही.

हिंजवडीत दिवसभर हेडसेट लावणाऱ्यांनाही असाच, पण जरा कडक हिशेब लागू आहे. आठवड्याला ४० तास ऐकायचं असेल तर ८० डेसिबलच्या वर जाऊ नका.

५. कानात सतत गुंई आवाज येतो. वेड लागेल असं वाटतं. औषध आहे का?

तो आवाज बहुतेकदा कानात नसतो, मेंदूत तयार होतो. कानाकडून येणारा निरोप कमी झाला की मेंदू आपली संवेदनक्षमता वाढवतो. रेडिओचं स्टेशन क्षीण लागलं की आपण आवाज वाढवतो आणि खरखरही वाढते, तसं. म्हणून आधी श्रवण तपासा. ऐकणं कमी असेल तर यंत्रानेच पुष्कळांना आराम पडतो. पूर्ण शांततेत झोपू नका, पंख्याचा किंवा पावसाचा मंद आवाज असू द्या. गुंई हमखास बंद करणारी गोळी आज नाही. तसं सांगून महागडा कोर्स विकणाऱ्यांपासून दूर राहा. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्यासारखा येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लवकर जा.

६. सकाळी उठलो तर एका कानाने ऐकूच येईना. सर्दी असेल, आठवडाभर वाट पाहू का?

नाही. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. अचानक गेलेलं ऐकणं नसेचं असेल तर स्टेरॉइड लवकर सुरू होणं गरजेचं असतं. पहिल्या दोन आठवड्यांनंतर उपयोग फार कमी होतो आणि त्यातही पहिले काही दिवस सर्वांत मोलाचे. ‘मळ असेल’ म्हणून गरम तेल घालत बसलेले लोक हाच वेळ घालवतात.

तोंड मिटून ‘म्‌म्‌म्’ असा हुंकार द्या. आवाज बिघडलेल्या कानात जास्त घुमला तर मळ किंवा द्रव साचलेला असण्याची शक्यता जास्त, चांगल्या कानात घुमला तर नस किंवा कॉक्लिया. पण याचा उपयोग रिक्षा पकडण्याची घाई वाढवायला करा, घरी थांबायला नव्हे.

७. बाळाची ओएई ‘पास’ आली होती. आता आठ महिन्यांचं आहे, हाक मारली तरी वळत नाही. रिपोर्ट चुकला का?

रिपोर्ट बरोबर असूनही हे होऊ शकतं. ओएई रोमपेशींपाशी थांबते. रोमपेशी ठीक, पण नसेतून जाणारे निरोप विस्कळीत, या स्थितीला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. जन्मानंतर तीव्र कावीळ झालेली, ऑक्सिजन कमी पडलेली, काचेच्या पेटीत राहिलेली बाळं यात जास्त सापडतात. अशा बाळांची ओएई पास असली तरी बेरा करायलाच हवी. शिवाय काहींचा श्रवणदोष जन्मानंतर काही महिन्यांनी उघड होतो.

सर्वसाधारण नियम असा: एक महिन्यापर्यंत चाळणी तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू. नात्यात लग्न झालेलं असेल, घराण्यात कुणाला लहानपणापासून कमी ऐकू येत असेल तर तपासणी टाळू नका.

८. मुलगा दोन वर्षांचा झाला, बोलत नाही. सासूबाई म्हणतात, ‘याचे बाबाही उशिराच बोलले.’ थांबू का?

सासूबाईंचं म्हणणं खरं असू शकतं, तरीही तपासणी करा. वर्षाच्या सुमारास बाळ ‘बाबाबा’, ‘ददद’ करतं आणि नावाला वळतं. दीड वर्षापर्यंत अर्थाचे शब्द येतात. दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडले जातात. यातलं काही होत नसेल तर पहिली चाचणी श्रवणाची.

‘कुकरच्या शिट्टीला दचकतो, म्हणजे ऐकू येतं’ हे मी सर्वांत जास्त ऐकते, आणि याच वाक्यामुळे वर्षं वाया जातात. शिट्टी ऐकू येणारं मूल बोलण्यातला ‘स’ ऐकू शकेलच असं नाही. कारण प्रश्न ३ मध्ये आहे. श्रवण उत्तम निघालं, पण मूल नजरेला नजर देत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर बालविकास तज्ज्ञांकडे जा.

९. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलतात. यामुळे बोलणं उशिरा येतंय का?

नाही. मुलाचा मेंदू दोन-तीन भाषा सहज पेलतो. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा. ‘घरी इंग्रजीच बोला’ हा सल्ला कृपा करून पाळू नका. आईवडिलांनी ज्या भाषेत मन मोकळं होतं तिच्यात भरपूर बोलावं, गोष्टी सांगाव्यात.

१०. मूल बहिरं आहे म्हणजे मुकंही राहणार का? कॉक्लियर इम्प्लांट केलं की लगेच बोलेल?

गळा, जीभ, ओठ बहुतेक बहिऱ्या मुलांचे व्यवस्थित असतात. जे ऐकलंच नाही ते बोलता येत नाही, एवढंच. यंत्राने पुरेसं ऐकू येत नसेल तर इम्प्लांट रोमपेशींना वळसा घालून थेट नसेला विजेचे संकेत देतं. पण मेंदूतला ऐकण्याचा भाग पहिल्या तीन वर्षांत सर्वांत लवचिक असतो, म्हणून शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकी फळते. आणि शस्त्रक्रियेनंतरची थेरपी हाच उपचाराचा मोठा भाग आहे. ती सोडली तर आत बसवलेलं यंत्र नुसता आवाज देतं, भाषा देत नाही. दिव्यांगांना साधनं मिळवून देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी साहाय्य मिळतं, मुंबईच्या अली यावर जंग या राष्ट्रीय वाचा-श्रवण संस्थेकडून त्याची चौकशी करता येते.

दोन अपवाद. श्रवणाची नसच तयार झालेली नसेल तर इम्प्लांट उपयोगी पडत नाही, म्हणून आधी एमआरआय करतात. आणि मेंदूज्वरानंतर बहिरेपणा आला असेल तर कॉक्लियाच्या आत हाड तयार होऊन इलेक्ट्रोडची वाट बुजू शकते. अशा वेळी वय काहीही असो, आठवड्यांचा हिशेब करायचा.

सांकेतिक भाषा शिकवली तर मूल बोलणार नाही, ही भीती निराधार आहे. हातांची भाषाही मेंदूच्या त्याच भाषेच्या भागात उमटते. मुलाला कोणतीही एक पूर्ण भाषा वेळेवर मिळणं महत्त्वाचं.

११. मुलगी चार वर्षांची, अचानक अडखळत बोलायला लागली. घाबरली असेल का?

तोतरेपणा भीतीमुळे येत नाही. तो बोलण्याच्या हालचालींची वेळ जुळवणाऱ्या मेंदूच्या जाळ्याशी निगडित आहे आणि पुष्कळदा घराण्यातून येतो. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि बहुतेक मुलांचा आपोआप जातो. शब्द तिच्या तोंडून काढून घेऊ नका. ‘नीट बोल’ म्हणू नका. आपणच थोडं सावकाश बोला आणि तिचं वाक्य संपेपर्यंत तिच्याकडे पाहा. सहा महिने टिकला किंवा तोंड-मान ताणली जाऊ लागली तर वाचातज्ज्ञांना दाखवा. जिभेखाली खडे ठेवणं, जिभेला डाग देणं हे क्रूर आहे, त्याने काहीही होत नाही.

१२. पक्षाघातानंतर आजोबांना ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण हरिपाठ अख्खा म्हणतात. मग नाटक करतात का?

हा प्रश्न फार वेळा येतो आणि त्याचं उत्तर घरातल्या प्रत्येकाने वाचावं. ते नाटक करत नाहीत.

नवं वाक्य जुळवण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका यांनी ‘टॅन’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या पुढच्या भागातली इजा दाखवली. १८७४ साली वेर्निके यांनी दुसरा प्रकार मांडला: रुग्ण धाडधाड बोलतो, पण शब्दांना अर्थ नसतो आणि समोरच्याचं त्याला कळत नाही. अशा माणसाला घरचे ‘भ्रम झाला’ म्हणून मानसोपचारासाठी नेतात. खरं तर भाषा गेलेली असते, बुद्धी नव्हे.

हरिपाठ, पाढे, रामरक्षा, आरती, शिव्यासुद्धा, हे सगळं वर्षानुवर्षं एका लयीत मुरलेलं असतं. ते बाहेर काढायला नवं वाक्य रचावं लागत नाही आणि त्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही हातभार असतो. म्हणून ते टिकतं. याचाच उपयोग थेरपीत करतात: ‘पाणी हवं’ हे दोन सुरांत गुणगुणत, डाव्या हाताने ठेका धरत म्हणवून घ्यायचं आणि हळूहळू सूर काढून टाकायचा. एका आजोबांकडून मी आधी ‘पुंडलिक वरदा’ म्हणवून घेत असे. त्यांचं ‘हारि विठ्ठल’ खणखणीत निघायचं आणि त्या लयीवरच आम्ही त्यांच्या नातवाचं नाव बसवलं. घरी त्यांना दोन पर्याय द्या, ‘चहा की दूध?’, आणि उत्तरासाठी मनात दहा मोजा. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिसऱ्या माणसाशी बोलू नका. त्यांना बरंच कळत असतं.

आणि पक्षाघात होत असतानाच: चेहरा एका बाजूला ओघळला, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.

१३. चेहरा वाकडा झाला. त्यातच भांड्यांचा आवाज कानात फुटतोय आणि चव गेली. तीन आजार एकदम?

बहुधा एकच. सातवी नस चेहऱ्याचे स्नायू हलवते, जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव नेते आणि मोठा आवाज झाला की कानातलं एक हाड आवरून धरणाऱ्या चिमुकल्या स्नायूलाही चालवते. ती सुजली की तिन्ही कामं बिघडतात. कपाळालाही आठी पडत नसेल तर नस, कपाळ ठीक असेल तर मेंदूतला झटका असण्याची शक्यता जास्त. ठरवायचं मात्र डॉक्टरांनी, तेही त्याच दिवशी. स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर फायदा होतो.

१४. आवाज बसलाय, महिना झाला. शिक्षिका आहे, बोलून बोलून झालं असेल ना?

असेलही. पण तीन-चार आठवड्यांवर टिकलेला घोगरेपणा दुर्बिणीने बघायलाच हवा. स्वरयंत्राची डावी नस छातीत उतरून, महाधमनीला वळसा घालून परत वर येते. त्यामुळे छातीतल्या गाठीची पहिली खूण कधी कधी आवाजात दिसते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतरही ही नस दुखावू शकते.

१५. कुशीवर वळलं की घर फिरतं. मेंदूचा आजार असेल का?

काही सेकंद फिरून थांबत असेल तर बहुधा आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागचे सुटून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरलेत. तज्ज्ञ डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते बाहेर काढतात, अनेकदा एकाच बैठकीत. महिनोन्‌महिने चक्करच्या गोळ्या घेऊ नका. चक्करेसोबत दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, चालताच न येणं असेल तर प्रश्न १२ चा शेवट पाहा.

१६. सर्दीत मिसळीची चव लागत नाही, पण तिखट मात्र लागतं. असं कसं?

तिखट ही चव नाही, ती वेदना आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं आणि निरोप चेहऱ्याच्या पाचव्या नसेतून जातो. या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो, तो नाक चोंदलं की जातो.

वासाच्या पेशी, रोमपेशींसारख्या नव्हे, पुन्हा नव्याने तयार होतात. म्हणून कोविडनंतर वास गेलेल्यांनी हार मानू नये. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचे वास सकाळ-संध्याकाळ, एकेक मन लावून, काही महिने घ्या. वास येत नाही तोवर घरात गॅसगळतीचा अलार्म बसवा.

१७. एका कानाने अजिबात ऐकू येत नाही, दुसरा ठणठणीत. यंत्राची काय गरज?

आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. यातला वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. एकच कान असला की स्वारगेटच्या चौकात हॉर्न ऐकू येतो, पण बस डावीकडून आली की उजवीकडून ते कळत नाही. गर्दीतलं बोलणंही गाळून घेता येत नाही. अशांसाठी बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानात पोचवणारं क्रॉस यंत्र, हाडातून आवाज नेणारं यंत्र असे पर्याय आहेत. वर्गात मुलाचा चांगला कान शिक्षकांच्या बाजूला येईल असं बसवा.

१८. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऑडिओमेट्रीच्या आलेखात, दोष ‘सौम्य’ आहे, पण मुलीला वर्गात काहीच कळत नाही. दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का?

बहुधा नाही, आणि ही मला खटकणारी उणीव आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढचा दोष धरला आहे. पण ऑडिटरी न्यूरोपॅथीत (प्रश्न ७) आलेख सौम्य दिसू शकतो आणि शब्द मात्र ओळखू येत नाहीत, कारण हरवलेली गोष्ट आवाजाची पातळी नसून निरोपाची नेमकी वेळ असते. डेसिबलमध्ये ती मोजता येत नाही. त्याचप्रमाणे प्रश्न १७ मधल्या, एकाच कानाने ऐकणाऱ्या व्यक्तीही यातून वगळल्या जातात.

तरीही शब्द ओळखण्याच्या चाचणीचा, गोंगाटातल्या चाचणीचा आणि बेराचा लेखी अहवाल करून घ्या. शाळेला तो दाखवून पुढची जागा, लेखी सूचना, शिक्षकांच्या गळ्यात मायक्रोफोन आणि मुलीच्या कानात रिसीव्हर अशी व्यवस्था मागा. यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नाही, वर्गशिक्षिकेला अहवाल समजावून सांगितला तरी पुष्कळ शाळा ऐकतात. अहवाल दरवर्षी नवा करा, कारण या स्थितीत ऐकणं वर-खाली होत राहतं आणि काही मुलांना पुढे इम्प्लांटचाही फायदा होतो.